फटफटी आणि मैदान

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचे सहा-साडेसहा झाले असतील. आमच्या दिग्रसला एक मोकळे मैदान आहे. फार मोठे नाही, पण चार-पाच कडुनिंब, कडेला सिमेंटचे तीन बाक आणि मध्ये पोरांनी खेळून टणक केलेली जमीन, एवढे ऐश्वर्य त्याला आहे. मी आणि माझ्यासारखेच दोन-तीन पेन्शनर रोज तिथे फेऱ्या मारतो. त्या दिवशी दोन मोटरसायकली आत शिरल्या. सायलेन्सर काढून टाकलेले, नंबरप्लेटचा पत्ता नाही. पोरे पंधरा-सोळा वर्षांची. मैदानाच्या मधोमध गाडी गरगर फिरवायची, पुढचे चाक उचलायचे, मातीच्या ढिगावरून उडी मारायची, असा खेळ सुरू झाला. धुळीचा लोट उठला. एक आजीबाई चार वर्षांच्या नातीला घेऊन आल्या होत्या. ती पोर चेंडूमागे धावली आणि गाडी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली.

काही झाले नाही. पण त्या आजी पुन्हा मैदानावर आल्या नाहीत, हे मी पुढे पंधरा दिवस बघत होतो.

मी त्यातल्या एका मुलाला थांबवले. त्याचा बाप माझ्या हाताखालून शिकून गेलेला. मुलाने गाडी बंद केली, मान खाली घातली. मास्तरकीचा तेवढा धाक अजून शिल्लक आहे. मी माझे भाषण सुरू केले. ते संपल्यावर तो म्हणाला, "सर, रोडवर चालवली त पोलीस पकडते. गल्लीत चालवली त लोकं वरडते. मंग चालवावं कुठी, तुमीच सांगा."

उत्तर सोपे होते : "तुझे वय झाल्याशिवाय चालवूच नये." ते मी दिलेही. पण घरी येईपर्यंत त्याचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे एक खोड लागली आहे. काही अडले की मागे जाऊन बघायचे. या प्रश्नाचेही मी तेच केले. त्यातून जे हाती लागले ते आज लिहून ठेवतो आहे.

आधी मैदान बघू. गावातली मोकळी जागा ही रिकामी जागा असते, हा समज अलीकडचा. आमच्या वऱ्हाडात गुरचरणाच्या सरकारी जमिनीला अजून 'ई-क्लास' म्हणतात. जुन्या महसुली दप्तरातला हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. गावाबाहेर आखर असे. सकाळी गावची गुरे तिथे जमायची, गुराखी ती घेऊन रानात जायचा. पोळ्याला त्याच जागी तोरण बांधले जायचे, बैलजोड्या ओळीने उभ्या राहायच्या, झडत्या म्हटल्या जायच्या. बाजार भरायचा तो मोकळ्या जागेत, कुस्त्या व्हायच्या त्याही तिथेच. लग्नाचा मांडव, धान्याचे खळे, फिरस्त्यांचे पाल, सगळ्यांना तीच जागा पुरायची.

म्हणजे जागा रिकामी नव्हती, तिला वेळापत्रक होते. सकाळी गुरांची, दुपारी कोणाचीच नाही, संध्याकाळी पोरांची, वर्षातून एक दिवस बैलांची. हे वेळापत्रक कुठे लिहिलेले नव्हते. ते राखणारी माणसे मात्र रोज तिथे असायची. गुराखी असायचा, कोतवाल असायचा, पारावर बसलेली म्हातारी माणसे असायची. कोणी आगळीक केली तर त्याच्या बापाचे नाव घेऊन हाक मारणारा कोणीतरी हमखास तिथे हजर असे.

पुढे गुरे कमी झाली, गुराखी गेला, आखर आणि ई-क्लासच्या जमिनींवर अतिक्रमणे झाली. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात निकाल दिला. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढून त्या जमिनी गावाला परत द्याव्यात आणि त्यासाठी सर्व राज्यांनी योजना कराव्यात, असे त्यात सांगितले. मूळ वाद एका तळ्याच्या जागेचा होता. निकाल महत्त्वाचा आहेच. पण अतिक्रमण म्हणजे फक्त घर बांधणे किंवा शेत नांगरणे नव्हे. रोज संध्याकाळी दोन तास भीती घालून बाकीच्यांना बाहेर ठेवणे, हेही अतिक्रमणच. फरक इतकाच की त्याची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर होत नाही.

आता फटफटी. हा शब्द किती नेमका आहे बघा! यंत्राला त्याच्या आवाजाचेच नाव. माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, गावात ती क्वचित दिसायची. मद्रासला बुलेट तयार होऊ लागली १९५५ पासून. म्हैसूरच्या कारखान्यातून जावा बाहेर पडू लागली १९६१ मध्ये, तिचीच पुढे येझदी झाली. त्याच सुमारास राजदूत आली. आमच्याकडे राजदूत म्हणजे दूधवाले, पशुवैद्य आणि दौऱ्यावरचे साहेब यांची गाडी. परवाना-राजच्या त्या काळात वाहनासाठी नंबर लावून थांबावे लागे. इतक्या कष्टाने मिळालेली गाडी कोणी मातीच्या ढिगावरून उडवेल, हे स्वप्नातही आले नसते. लोक तिला फडक्याने पुसत असत.

१९८५ मध्ये जपानी तंत्राच्या छोट्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या : हीरो होंडाची सीडी हंड्रेड आणि यामाहाची आरएक्स हंड्रेड. १९९१ नंतर कर्ज सोपे झाले, हप्ते आले. गाडी प्रतिष्ठेची होती ती गरजेची झाली. २००१ मध्ये पल्सर आली आणि गरजेची गाडी पुन्हा हौसेची झाली. त्यानंतर तर रस्ता सोडून चालवण्यासाठीच बनवलेल्या मोटरसायकली आपल्याकडे विकायला आल्या. २०११ मध्ये हीरोची इम्पल्स, २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन, २०१९ मध्ये एक्सपल्स. त्यांच्या जाहिराती आठवून पाहा. गाडी नदीतून जाते, चिखल उडवते, टेकडी चढते. जाहिरातीत कुठे म्हातारा नसतो, नात नसते, गुरे नसतात. जग मोकळे आणि आपल्यासाठीच राखून ठेवलेले! पंधरा वर्षांच्या पोराने ते खरे मानले, तर सगळा दोष त्याच्या एकट्याच्या पदरात टाकणे मला कठीण जाते.

हा त्रास आपल्याच गावाचा, आपल्याच काळाचा असे आपल्याला वाटते. तसे नाही. रस्ता सोडून मोटरसायकल पळवण्याची पहिली प्रसिद्ध शर्यत इंग्लंडमध्ये सरे परगण्यात कॅम्बर्ली इथे १९२४ साली झाली. माळरान, खाचखळगे, चिखल यांतून कोण लवकर जातो, ही स्पर्धा. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १९३० मध्ये, ब्रिटिश संसदेला वाहतुकीच्या कायद्यात कलम घालावे लागले की सामाईक जमिनीवर आणि माळरानावर परवानगीशिवाय मोटार चालवणे हा गुन्हा आहे. खेळ जुना, तक्रारही तेवढीच जुनी! हेच कलम तिकडच्या १९८८ च्या कायद्यात आले. रस्त्यापासून पंधरा यार्डांपर्यंत जाण्याची सवलत त्यात आहे, पण तीसुद्धा फक्त गाडी उभी करण्यासाठी. तरी प्रश्न सुटला नाही. शहरांच्या बागांतून, मोकळ्या जागांतून मोटरसायकली आणि चार चाकांच्या क्वाड गाड्या धुमाकूळ घालू लागल्या. तेव्हा २००२ च्या कायद्याने पोलिसांना गाडीच जप्त करण्याचा अधिकार दिला. त्यातही सर्वसाधारण क्रम असा ठेवला की आधी ताकीद द्यायची, आणि त्यानंतरही लोकांना त्रास चालूच राहिला तर गाडी उचलायची.

अमेरिकेत जमीन अफाट, म्हणून तिथे हा वाद नसेल असे मला वाटले होते. पण ८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना याच विषयावर खास आदेश काढावा लागला. तेव्हा त्या देशात रस्त्याबाहेर चालणारी हौसेची वाहने सुमारे ५० लाख होती, असे त्या आदेशाच्या सुरुवातीलाच म्हटले आहे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. सरकारी जमिनींपैकी कुठे अशी वाहने चालवता येतील आणि कुठे येणार नाहीत, हे दोन्ही ठरवा, असे त्यात खात्यांना सांगितले होते. नुसती बंदी नव्हती. पाच वर्षांनी, १९७७ मध्ये, कार्टर यांनी त्याला जोड दिली, की जिथे माती, झाडी किंवा वन्यजीवांचे मोठे नुकसान दिसेल तिथला भाग लगेच बंद करावा.

आमच्या त्या मुलाने विचारलेला "कुठी" हा प्रश्न वॉशिंग्टनलाही पडला होता तर!

इथे एक गंमत सांगतो. कायद्याच्या पुस्तकांत "बागेत वाहनांना मनाई" हे एक अतिशय प्रसिद्ध वाक्य आहे. ऑक्सफर्डचे प्राध्यापक हार्ट यांनी १९५८ मध्ये एका लेखात हे उदाहरण घेतले. मोटार तर वाहन आहेच. पण सायकल? चाकांचे बूट? मुलांची खेळण्यातली मोटार? नियमाचा गाभा स्पष्ट असतो, पण कडा धूसर असतात, असे त्यांचे म्हणणे. हार्वर्डच्या फुलर यांनी त्यावर उलट विचारले : काही देशभक्तांना महायुद्धात वापरलेला लष्करी ट्रक स्मारक म्हणून बागेत चौथऱ्यावर बसवायचा असेल तर? शब्द बघत बसू नका, नियम कशासाठी केला ते बघा, असा त्यांचा रोख होता. हे वाचताना मला ते विद्वानांचे कोडे वाटले होते. ते आमच्या मैदानाच्या फाटकाशीच येऊन उभे राहील, याची कल्पना नव्हती. पण ते पुढे.

त्याआधी आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण. आपल्याकडे एक अख्खे गाव असे आहे की ज्याने मोटारीला आतच येऊ दिले नाही. माथेरान! १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी त्या डोंगराकडे इंग्रजांचे लक्ष वेधले आणि पुढे तिथे थंड हवेचे ठिकाण वसले. १९०७ मध्ये नेरळहून वर जाणारी दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे सुरू झाली, ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. मोटारी थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर. त्यापुढे तांबडी माती, झाडांची सावली, घोडे आणि पायी चालणारी माणसे. अपवाद रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडीसारख्यांचा. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि वाहनबंदीला आणखी बळ मिळाले.

शाळेची सहल घेऊन मी एकदा तिथे गेलो होतो. गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही म्हणजे काय, हे पोरांना तिथे कळले. रात्री काही जणांना शांततेमुळे झोप लागेना! मी भारावून गेलो होतो. परत आल्यावर वर्गात माथेरानचे गुणगान केले. पण एक गोष्ट वर्गात सांगायची राहिली, की आम्ही रमतगमत चालत असताना आमच्या शेजारून एक माणूस हातरिक्षा ओढत चढ चढत होता. रिक्षात एक धष्टपुष्ट कुटुंब बसले होते, मागून आणखी एक जण ढकलत होता. दोघेही घामाने निथळत होते. मी तेव्हा नजर वळवली.

बंदीची ही दुसरी बाजू. गावात मोटार नको हे ठरले, पण म्हातारी माणसे, आजारी माणसे, सामान, हे सारे वर जायचे तर कोणीतरी ओढलेच पाहिजे. पर्यटकाला शांतता मिळाली, तिची किंमत गरिबाच्या फुप्फुसांनी मोजली. माथेरानच्याच एका निवृत्त शिक्षकाने हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या बाजूने अनेक वर्षे हा प्रश्न लावून धरला. बॅटरीवरची ई-रिक्षा आली तर आवाज नाही, धूर नाही आणि माणसाने माणसाला ओढणेही नाही, असे त्यांचे म्हणणे. घोडेवाल्यांचा विरोध होता, आणि तोही समजण्यासारखा होता, कारण त्यांची पोटे त्यावरच. शिवाय आज ई-रिक्षा आली तर उद्या मोटार येईल, ही भीती होती. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आमच्या शेजारच्या अमरावतीचे, यांच्या पीठाने सांगितले की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही आणि ती सहा महिन्यांत बंद करावी. हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा मिळाव्यात, अशी योजना करण्यासही सांगितले.

हार्ट आणि फुलर यांचा वाद माथेरानच्या डोंगरावर खरोखरच लढला गेला, असे मला वाटते. ई-रिक्षा हे 'वाहन' आहे की नाही, असा शब्दाचा कीस काढला तर बंदी लागू होते. बंदी कशासाठी होती हे विचारले तर उत्तर वेगळे येते. ती डोंगराच्या आणि माणसांच्या भल्यासाठी होती. काही माणसांना जनावरासारखे जुंपावे, यासाठी नव्हती.

आता पुन्हा खाली येऊ. आमच्या मैदानावर कायदा काय म्हणतो? मोटरसायकलवाल्या मुलांचा ठाम समज होता की मैदान म्हणजे रस्ता नाही, त्यामुळे लायसन्स, हेल्मेट, नंबरप्लेट असले काही तिथे लागत नाही. खरे सांगायचे तर माझाही समज काहीसा तसाच होता. पण मोटार वाहन कायद्यात 'सार्वजनिक जागा' याची व्याख्या दिलेली आहे. रस्ता, गल्ली, वाट किंवा इतर कोणतीही जागा, मग ती रहदारीची असो वा नसो, जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे, ती सार्वजनिक जागा. १९३९ च्या कायद्यात हे होते, १९८८ च्या कायद्यात आहे. म्हणजे लोकांना खुले असलेले मैदान त्यात आले. १८ वर्षांखालच्या मुलाला तिथे गाडी चालवता येत नाही. १६ ते १८ च्या मुलांना सवलत आहे ती ५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलपुरती, आणि लायसन्स तिलाही लागते. सार्वजनिक जागेत परवानगीशिवाय शर्यत लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. २०१९ च्या दुरुस्तीने तर आणखी एक कडक कलम आणले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार. पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

आवाजाचेही नियम आहेत, २००० सालापासून. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र करता येते. मोठ्या शहरांत पोलीस फोडलेले सायलेन्सर ओळीने मांडून त्यांवर रोडरोलर फिरवतात, त्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतोच. कायदा कमी नाही हो. कमी आहे ते संध्याकाळी साडेसहा वाजता मैदानावर असणारे माणूस!

मंडळी, आता आम्ही काय केले ते सांगतो. त्यात मोठेपणा काही नाही, उलट पहिला डाव आमच्यावरच उलटला.

आम्ही पाच-सहा जणांनी एक अर्ज लिहिला. अक्षर माझे, सह्या सगळ्यांच्या. ज्या कार्यालयाकडे दिला त्यांनी ठेवून घेतला. पावसाळ्यापूर्वी काही होईना, म्हणून मीच पुढाकार घेऊन वर्गणी काढली आणि प्रवेशाच्या जागी लोखंडी फाटक बसवून घेतले. गुरे आत शिरू नयेत म्हणून काही देवळांपुढे असते तसे, एका वेळी एकच माणूस वळून आत जाईल असे. मोटरसायकल त्यातून जात नाही. मला फार हुशारी केल्यासारखे वाटले.

तिसऱ्या दिवशी आमचे एक जुने स्नेही आले. लहानपणी पोलिओ झालेला, हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवर फिरतात. बाजारात त्यांचे छोटेसे दुकान आहे. दुकान मुलाच्या ताब्यात दिल्यावर ते रोज संध्याकाळी कडुनिंबाखाली येऊन बसायचे. माझ्या फाटकाशी ते थांबले. थोडा वेळ बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "मास्तर, हे फाटक गाडीसाठी हाये का माह्यासाठी?"

मला बोलता आले नाही. माथेरानला नजर वळवली होती, इथे वळवायला जागा नव्हती. मोटरसायकलवाल्या पोरांनी तर दोन दिवसांतच मागच्या पडक्या भिंतीतून वाट काढली होती. ती पोरे आत आणि माझा मित्र बाहेर! ज्यांना अडवायचे ते वाट शोधतात, आणि ज्यांना वाट शोधता येत नाही तेच अडतात. इंग्लंडमध्येही मोटरसायकली रोखायला बसवलेल्या अडथळ्यांनी चाकाच्या खुर्चीतली माणसे आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आया अडकल्या आणि त्यावरून तक्रारी झाल्या, हे मी नंतर वाचले. आधी वाचले असते तर वर्गणी वाचली असती.

फाटक काढून टाकले. लोहाराने पैसे परत दिले नाहीत, ते त्याचे बरोबरच आहे.

मग आम्ही जुनाच उपाय केला, आखरावरचा. ठरवून, आळीपाळीने, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मैदानावर हजर राहायचे. भांडायचे नाही. गाडी आली की उठून जवळ जायचे आणि मुलाला नाव विचारायचे, बापाचे नाव विचारायचे. दिग्रस एवढे मोठे गाव नाही की तीन प्रश्नांत ओळख निघणार नाही. मी चार घरी गेलो. अल्पवयीन मुलांचे ते कलम एका कागदावर मराठीत लिहून नेले होते. दोन बापांना ते माहीतच नव्हते. एक बाप माझ्यावरच रागावला. चौथ्या घरी आईने चहा दिला आणि म्हणाली, गाडी नाही दिली तर पोरगा जेवत नाही. मी तिला काय सांगणार? पोलीसही एकदा येऊन समज देऊन गेले. आधी ताकीद, मग जप्ती. नकळत आम्ही त्या २००२ च्या इंग्रजी कायद्याच्याच क्रमाने चाललो होतो.

दुसरी गोष्ट, पोरांनाच विचारून मैदानावर व्हॉलीबॉलचे दोन खांब रोवले. वर्गणी पुन्हा मागितली, लोकांनी हसत दिली. मधोमध जाळी आली तेव्हा गाडी गरगर फिरवायला जागाच उरली नाही. मोटरसायकलवाल्यांपैकी दोघे आता खेळायला येतात. ज्याने मला तो प्रश्न विचारला होता, तो येत नाही.

तो हल्ली धरणाच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर गाडी उडवतो, असे ऐकले. म्हणजे मैदान सुटले, प्रश्न पुढच्या रस्त्यावर गेला. त्याच्या "कुठी" ला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जानेवारी २०२४ मध्ये मातीच्या उंचवट्यांवरून मोटरसायकल उडवण्याच्या मोठ्या शर्यती झाल्या. हेल्मेट, छातीला कवच, कडेला रुग्णवाहिका, सगळे रीतसर. तोच खेळ, पण योग्य जागी. आमच्या भागातल्या पोराला अशी जागा कुठे? प्रत्येक तालुक्याला ती मिळेल असे मी म्हणत नाही. पण निदान जिल्ह्याला एक, वय आणि लायसन्स बघून, शिकवणारा माणूस ठेवून, असा विचार कोणी केला तर त्याच्या अर्जावर सही करायला मी तयार आहे. अक्षरही माझे चालेल.

असो. परवा ती आजी नातीला घेऊन पुन्हा मैदानावर आली. वर्षभराने पोर चांगली उंच झाली आहे. माझे स्नेही कडुनिंबाखाली आपल्या तीनचाकीवर बसलेले असतात आणि व्हॉलीबॉलचे गुण मोजतात. कधीकधी चुकीचे मोजतात, मग पोरे भांडतात. आज माझी पाळी आहे, साडेपाच वाजत आले. निघतो.